डोक्यावरचे केस आणि शाळेची शिस्त



आपल्या शाळेच्या डायरीत गणवेश, बूट आणि नखे यांच्या जोडीला केसांचाही एक नियम छापलेला असतो. मुलांचे केस बारीक कापलेले असावेत, मुलींनी दोन घट्ट वेण्या घालून रिबिनी बांधाव्यात, आणि वर्गात किंवा प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर टोपी, रुमाल असे काहीही नसावे. हा नियम फार जुना आहे व तो चांगल्या हेतूने केलेला आहे. सर्वजण एकसारखे, नीटनेटके दिसावेत, श्रीमंत-गरीब हा भेद डोळ्यांना दिसू नये, हा त्यामागचा विचार आजही मोलाचा आहे. तरीही केसांचा विषय शिस्तीच्या पानावरून काढून आरोग्याच्या पानावर नेला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. येत्या सभेत तसा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवणार आहोत. त्याआधी त्याची कारणे सर्वांना कळावीत म्हणून हा लेख.

दरवर्षी शाळेत दोन-चार मुले अशी असतात की ज्यांना हा नियम पाळता येत नाही. कोणाला टायफॉईड होऊन गेलेला असतो व वेणी निम्मी झालेली असते. कोणाच्या डोक्यावर रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडलेला असतो. कोणी लहानपणी भाजलेले असते आणि कानामागे केस येतच नाहीत. अशी मुले सामूहिक छायाचित्राच्या दिवशी घरी राहतात, स्नेहसंमेलनात भाग घ्यायला नाही म्हणतात, शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. आजार बरा होतो पण गैरहजेरी चालूच राहते. केसांमुळे मुलाचा अभ्यास बुडत असेल तर ती शाळेच्या काळजीची गोष्ट आहे.

केस उगवतो कसा?

डोक्याच्या त्वचेत साधारण एक लाख केसांची मुळे असतात. प्रत्येक मूळ म्हणजे त्वचेत रुतलेली एक लहानशी पिशवीच. ही मुळे जन्माआधीच तयार होतात. जन्मानंतर नवीन मूळ तयार होत नाही. एकेक मूळ आपापल्या पाळीने काम करते. दोन ते सहा वर्षे केस वाढत राहतो, मग दोन-तीन आठवड्यांत ती वाढ थांबते, त्यानंतर सुमारे तीन महिने मूळ विश्रांती घेते आणि जुना केस गळून त्याच जागी नवा येतो. कोणत्याही वेळी दहातले जवळपास नऊ केस वाढत असतात व एखादा विश्रांतीत असतो.

आठवीच्या विद्यार्थ्यांनी येथे एक सोपे गणित करून पाहावे. एक लाख केसांपैकी दहा टक्के विश्रांतीत, म्हणजे दहा हजार. ते सुमारे शंभर दिवसांत गळायचे, म्हणजे रोज शंभर. म्हणूनच कंगव्यात रोज पन्नास ते शंभर केस निघाले तर घाबरण्याचे काही कारण नाही. दुसरे गणित असे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा चाळीस सेंटिमीटरची वेणी पुन्हा यायला तीन वर्षांहून जास्त काळ लागेल. सहावीत आजारी पडलेल्या मुलीला पहिल्यासारखी वेणी नववी-दहावीत मिळेल. ‘महिन्याभरात वेणी घालून ये’ असे तिला सांगणे निरर्थक आहे.

आता मुख्य मुद्दा. मुळाच्या वरच्या भागात, जेथे तेलाची ग्रंथी आणि केस उभा करणारा बारीक स्नायू जोडलेला असतो, तेथे एक फुगीर जागा असते. मुळाला पुन्हा पुन्हा नवा केस घडवायला लावणाऱ्या मूळपेशी तेथे राहतात. ही गोष्ट १९९० साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिली. ती जागा शाबूत असेल तर केस गेला तरी परत येण्याची आशा असते. ती जागाच नष्ट होऊन तेथे व्रणाची कातडी आली तर केस परत येत नाही. केसांच्या साऱ्या आजारांत पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो, मूळ जिवंत आहे की गेले? बाकी उपाय त्या उत्तरावर अवलंबून असतात.

तापानंतरची गळती

आपल्याकडे पावसाळ्यानंतर टायफॉईड, मलेरिया, डेंग्यू यांचे रुग्ण वाढतात. मोठा ताप येऊन गेला की शरीर आपली शक्ती जीव वाचवण्यासाठी वापरते व केसांची असंख्य मुळे एकदम विश्रांतीत जातात. मात्र गळती लगेच सुरू होत नाही, दोन-तीन महिन्यांनी होते. त्यामुळे पालकांच्या लक्षात संबंध येत नाही. ताप ऑगस्टमध्ये आणि केस जातात दिवाळीच्या आसपास. मग दोष तेलाला, शाम्पूला किंवा बोअरच्या पाण्याला दिला जातो. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतील, पण मूठभर केस उशीवर पडण्याचे कारण बहुधा मागच्या तिमाहीत शोधावे लागते. या गळतीचे शास्त्रीय वर्णन अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली केले. २०२० व २०२१ मध्ये कोविड होऊन गेलेल्या कितीतरी लोकांनी हाच अनुभव घेतला. बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, झपाट्याने वजन उतरवणे, रक्तातील लोह कमी असणे, थायरॉईडचा विकार यांनीही असेच होते.

यात दिलासा असा की मुळे जिवंत असतात. केस सगळीकडून विरळ होतात, चट्टे पडत नाहीत आणि बहुतेकांचे केस सहा महिने ते वर्षभरात भरून येतात. या काळात मुलांना हवा असतो चांगला आहार. डाळ, उसळी, हिरवी भाजी, दूध आणि घरात चालत असतील तर अंडी. गळती सहा महिन्यांच्या पुढे गेली तर डॉक्टरांना दाखवून रक्ताची तपासणी करावी.

केस हा आजाराची नोंदही ठेवतो. ज्या मुलांना काही काळ प्रथिने अगदी कमी मिळतात व मग पुन्हा पुरेशी मिळतात, त्यांच्या केसावर फिक्या आणि काळ्या रंगाचे पट्टे आलटून पालटून दिसतात. डॉक्टर त्याला झेंड्याची खूण म्हणतात. ज्या वर्गशिक्षकांना मुलांच्या डोक्याकडे बघण्याची सवय आहे, त्यांनी वेणी किती घट्ट आहे हे बघण्याऐवजी केस फिके, ठिसूळ, विरळ तर होत नाहीत ना, हे बघावे. त्यातून एखाद्या घरातली उपासमार शाळेच्या ध्यानात येऊ शकेल.

चाई

आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवीपर्यंत शिकलो, त्यामुळे या आजाराचे ‘बालखोरा’ हे नाव आमच्या कानावर आधी पडले. आपल्या घरांतून त्याला ‘चाई पडणे’ म्हणतात, वैद्य इंद्रलुप्त म्हणतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अ‍ॅलोपेशिया एरियाटा असे लिहिलेले असते. नावावरून पुष्कळांना वाटते की एखादा किडा रात्री केस खाऊन जातो. तसे काही नसते. शरीराचे संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. शंभरातील सुमारे दोन माणसांना आयुष्यात केव्हातरी ही चाई पडते व पुष्कळदा तिची सुरुवात लहान वयात होते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. शेजारी बसल्याने, कंगवा वापरल्याने, टोपी घातल्याने ती होत नाही. हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे, असा आमचा आग्रह आहे.

चाईत मुळे मरत नाहीत. म्हणून काही वर्षांनीसुद्धा केस परत येऊ शकतात. एक-दोन लहान चट्टे असतील तर बहुतेकांचे वर्षभरात भरून येतात. नवे केस पुष्कळदा आधी पांढरे व मऊ येतात, नंतर काळे होतात. काहींना मात्र पुन्हा पुन्हा चट्टे पडतात आणि थोड्यांचे सगळेच केस जातात. मलम व इंजेक्शन हे उपाय जुने आहेत. अलीकडे संरक्षण यंत्रणेला आवर घालणाऱ्या गोळ्याही आल्या आहेत. अमेरिकेत २०२२ साली मोठ्यांसाठी एका आणि २०२३ साली बारा वर्षांवरील मुलांसाठीही चालेल अशा दुसऱ्या गोळीला मान्यता मिळाली. ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात, आणि ती बंद केल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात. चट्ट्यावर लसूण किंवा कांदा चोळून कातडी सोलून काढणे, रॉकेल लावणे, असले प्रयोग घरी कृपया करू नयेत. चाईने मूळ मरत नाही, पण भाजल्याने मरू शकते.

डोक्यातील गजकर्ण

हा आजार मात्र संसर्गजन्य आहे, म्हणून शाळेला तो नीट समजला पाहिजे. यात बुरशी केसातच शिरते, केस कातडीलगत तुटतात, काळे ठिपके दिसतात, कोंड्यासारखे पापुद्रे येतात, कधी मानेत गाठी येतात. वयात येण्यापूर्वीच्या मुलांना तो जास्त होतो. नुसत्या मलमाने तो बरा होत नाही, कारण मलम केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. काही आठवडे पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. मेडिकलच्या दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉईड मिसळलेले मलम लावले तर खाज थांबते, लाली जाते आणि बुरशी आत वाढत राहते. कधी डोक्यावर पुवाने भरलेला मऊ फोड येतो. तो चिरू नये, दाबू नये, ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. तेथे उशीर झाला तर व्रण राहतो व तेवढ्या जागेतले केस कायमचे जातात.

या आजाराचा आणि शाळांचा संबंध जुना आहे. गोळी नव्हती तेव्हा युरोपात अशा मुलांना शाळेबाहेर ठेवत. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात १८८६ साली केवळ डोक्यात गजकर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळी शाळा उघडावी लागली. त्याच शहरात रेमंड साबुरो यांनी १९०४ मध्ये क्ष-किरणांनी सगळे केस पाडून रोग घालवण्याची पद्धत बसवली आणि ती जगभर पसरली. १९४८ ते १९६० या काळात इस्रायलमध्ये आलेल्या निर्वासित कुटुंबांतील हजारो मुलांच्या डोक्यावर असे किरण सोडण्यात आले. केस परत आले, पण पुढे १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या मुलांमध्ये डोक्यातील व मानेतील गाठींचे प्रमाण वाढल्याचे आढळले. १९९४ साली तेथील सरकारला भरपाईचा कायदा करावा लागला. १९५८ च्या सुमारास ग्रिसिओफुल्विन हे पोटातून घेण्याचे औषध आले आणि किरणांची गरज उरली नाही.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की लहान मुलाच्या डोक्यावरच्या चट्ट्याची भीती त्या चट्ट्यापेक्षा मोठी झाली, की माणसे घाईने नको ते करतात. आज बालरोगतज्ज्ञांचा सल्ला साधा आहे. डॉक्टरांचे औषध सुरू झाले की मूल शाळेत येऊ शकते. मुंडण करायची गरज नाही आणि सक्तीने टोपी घालायला लावण्याचीही नाही. कंगवा, टॉवेल व टोपी वेगळी ठेवावी, घरातील भावंडांनाही तपासून घ्यावे.

जखम, भाजणे आणि ओढलेली वेणी

खेळताना डोक्याला टेंगूळ आले तर केसांचे काही बिघडत नाही. कातडी फाटली तर मात्र टाके घालून घ्यावेत. जखमेच्या कडा जवळ आल्या की व्रण अरुंद राहतो आणि आजूबाजूचे केस तो झाकतात. तशीच सोडलेली जखम रुंद व्रण सोडून जाते व त्या रेषेवर केस येत नाहीत. भाजण्याचेही तसेच आहे. वरवर भाजले तर मूळ वाचते, खोल भाजले तर मूळ जाते. भाजल्याबरोबर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. दिवाळीत आणि स्वयंपाकघरात हे सर्वांनी लक्षात ठेवावे. ज्यांचे केस असे गेले आहेत त्यांनीही पूर्ण निराश होऊ नये. केसारोपण आज हौसेची गोष्ट समजली जाते, पण जपानमधील शोजी ओकुदा या डॉक्टरांनी १९३९ साली ती पद्धत भाजलेल्या रुग्णांच्या डोक्यावर व भुवयांवर केस यावेत म्हणूनच वापरली होती.

लांब केस यंत्रात अडकण्याचा अपघात सर्वांत भयंकर. शेतातील थ्रेशर, पिठाच्या गिरणीचा पट्टा, जत्रेतील चक्र, दुचाकीचे चाक, यांत वेणी किंवा ओढणी सापडली तर डोक्याची कातडीच निघून येते. १९९४ साली उत्तर भारतातील एका नऊ वर्षांच्या मुलीची वेणी शेतातील यंत्रात अडकून डोक्याच्या कातडीसह चेहराही निघाला. घरच्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेला आणि डॉ. अब्राहम थॉमस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून तो परत बसवला. जगात अशी ही पहिलीच शस्त्रक्रिया मानली जाते. ती मुलगी पुढे परिचारिका होण्याचे शिक्षण घेऊ लागली. आपल्या कामाचा धडा असा की अशा वेळी जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी, निघालेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावा, ती पिशवी बर्फावर ठेवावी, कातडीला बर्फ थेट लागू देऊ नये, आणि मोठे रुग्णालय गाठावे.

आता आमच्या नियमाकडे येतो. वेणी रोज घट्ट ओढून बांधली तर कपाळाजवळचे आणि कानांवरचे केस हळूहळू विरळ होतात. १९०७ साली ग्रीनलंडमधील केस ताणून बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रथम नोंदवले गेले. सुरुवातीला ताण काढला की केस परत येतात. वर्षानुवर्षे ताण राहिला तर मूळ मरते आणि पुढे उपाय राहत नाही. पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षे रोज घट्ट वेण्या घालायला लावणाऱ्या नियमाचा विचार या दृष्टीने झाला पाहिजे. वेणी घातल्यावर डोके दुखत असेल, मुळाशी बारीक पुटकुळ्या येत असतील, तर वेणी फार घट्ट आहे असे आयांनी समजावे. वेणी असावी, पण सैल असावी.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. काही मुले अभ्यासाच्या किंवा घरातील ताणामुळे नकळत स्वतःचेच केस उपटतात. चट्ट्यात लांब-आखूड तुटलेले केस दिसतात. हा खोडकरपणा नव्हे. फ्रेंच डॉक्टर हालोपो यांनी १८८९ सालीच त्याला आजाराचे नाव दिले आहे. अशा मुलाला रागावल्याने सवय वाढते. त्याच्याशी एकांतात बोलावे व समुपदेशकाकडे पाठवावे. उपटलेले केस ते गिळत असेल तर पोटात गोळा होऊ शकतो, तेव्हा पालकांना लगेच सांगावे. दुसरी गोष्ट कर्करोगाच्या औषधांची. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि केसांचे मूळ त्यांतच मोडते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत केस जातात. उपचार संपल्यावर ते पुन्हा येऊ लागतात, कधी कुरळे, कधी वेगळ्या छटेचे. उपचार घेऊन परत आलेले मूल शाळेच्या फाटकातून आत येते तेव्हा त्याच्या टोपीवर कोणी बोट ठेवू नये.

काही शंका

आमचे हे विचार ऐकून काही पालक व विश्वस्तांनी शंका मांडल्या. त्यांचा आम्ही आदर करतो.

पहिली शंका, टोपीला परवानगी दिली तर उद्या सगळेच फॅशन म्हणून टोपी घालतील. आम्हांला तसे वाटत नाही. चष्मा लावायला परवानगी आहे म्हणून सगळी शाळा चष्मा लावत नाही. पालकांची एक ओळीची चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे असली की पुरे.

दुसरी शंका, घट्ट वेण्या नसतील तर उवा वाढतील. उवा एका डोक्याला दुसरे डोके लागल्याने पसरतात, आणि सैल पण बांधलेली वेणीही केस मोकळे राहू देत नाही. उवांनी टक्कल पडत नाही, खाजवून खवडे मात्र होतात. त्यावर उपाय बारीक दातांची फणी व औषध हा आहे.

तिसरी शंका अशी की मुंडण केले की केस दाट येतात, मग चट्टा पडलेल्या मुलाचे डोके भादरून टाकावे. जावळ काढण्याची आपली रीत आनंदाची आहे, ती तशीच राहो. पण वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, मुळाला शिवतही नाही. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी मोजमापे घेऊन हे दाखवले आहे. आजारी मुलाचे डोके त्याच्या इच्छेविरुद्ध भादरणे म्हणजे त्याचा चट्टा सगळ्यांना दाखवणे होय.

चौथी शंका सर्वांत गंभीर होती. एकासाठी नियम वाकवला की नियम राहत नाही. यावर आमचे म्हणणे असे. आपल्या समाजात मुंज झालेला बटू मुंडण केलेल्या डोक्याने शाळेत येतो, घरी दुःखद घटना घडलेला मुलगाही तसाच येतो, आणि त्यांना कोणी नियम दाखवत नाही. संस्काराला आणि शोकाला जागा आहे, तर आजाराला का नसावी? डोक्यावरच्या केसांवरून माणसाची जागा ठरवण्याचा जुना इतिहास आपल्या मराठी समाजाला आहे. विधवांच्या केशवपनाची रूढी बंद पडावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतील नाभिक बांधवांनी एकत्र येऊन ते काम न करण्याचे ठरवले. ज्यांची त्यावर रोजी होती त्यांनी ही हिंमत दाखवली. आपल्याला तर डायरीतील दोन ओळी बदलायच्या आहेत.

विद्यार्थी मित्रांना

मित्रांनो, केसांवरून केलेला विनोद लहान वाटतो, पण ज्याच्यावर होतो तो विसरत नाही. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील ऑस्कर समारंभात निवेदकाने एका अभिनेत्रीच्या केस नसलेल्या डोक्यावर विनोद केला. तिला केस जाण्याचा आजार होता. तिच्या पतीने मंचावर जाऊन निवेदकाला थप्पड मारली व साऱ्या जगाने ते पाहिले. हात उचलणे चूकच होते, तसा विनोदही नको होता. ‘टकलू’, ‘चंदू चॅम्पियन’ असली नावे आपल्या वर्गातून जावीत. ती कोणी वापरली तर गप्प न बसता ‘असं नको’ एवढे म्हणणारा एक मित्र वर्गात असला, तरी त्या मुलाचा दिवस सुधारतो. तो मित्र तुम्ही व्हा.

आमच्या सूचना

विश्वस्त मंडळापुढे आम्ही पुढील सूचना ठेवत आहोत.

१. डायरीतील केसांचा नियम असा लिहावा : ‘केस स्वच्छ, विंचरलेले व डोळ्यांवर न येणारे असावेत. लांब केस सैल वेणीत बांधावेत.’ प्रयोगशाळेत, कार्यशाळेत व खेळाच्या तासाला लांब केस अंबाड्यात किंवा जाळीत बांधणे मात्र सक्तीचे राहील.

२. आजार, उपचार किंवा व्रण यांमुळे ज्यांना गरज आहे त्यांना पालकांच्या चिठ्ठीवर टोपी, रुमाल किंवा टोप वापरण्याची मुभा असावी. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्राची सक्ती नको.

३. डोक्यातील गजकर्णाचे औषध सुरू झालेल्या मुलाला वर्गातून उठवू नये व घरी पाठवू नये. चाई असलेल्याला तर कधीच नाही.

४. स्वच्छतेची तपासणी प्रार्थनेच्या रांगेत सर्वांसमोर न करता आरोग्य कक्षात करावी.

५. सामूहिक छायाचित्र, स्नेहसंमेलन, ध्वजवंदन यांतून केसांच्या कारणाने कोणालाही वगळू नये.

६. वर्षातून एकदा शाळेत त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. आपल्या इंदुरात शासकीय एम. वाय. रुग्णालयातही त्वचा विभाग आहे. खर्चाच्या भीतीने कोणी उपचार टाळू नयेत. अशा पालकांना शाळेने सोबत करावी.

या सूचनांना फारसा पैसा लागणार नाही. तपासणीचा थोडा खर्च आणि डायरीचे एक पान पुन्हा छापण्याचा खर्च एवढाच. त्या बदल्यात दरवर्षी दोन-चार मुले शेवटच्या बाकावरून पुढे येतील व छायाचित्राच्या दिवशी रांगेत उभी राहतील. संख्येने ही मुले थोडी आहेत म्हणून त्यांचा विचार नंतर करू, असे शाळेला म्हणता येणार नाही. ज्या मुलाच्या डोक्यावर आज चट्टा नाही त्याला उद्या ताप येऊ शकतो, आणि नियम त्याच्यासाठीही आहे.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी आपली मते सभेपूर्वी शाळेच्या कार्यालयात लेखी द्यावीत. विरोधी मतेही अवश्य द्यावीत, ती सभेत वाचून दाखवली जातील. ज्यांच्या घरी असा आजार होऊन गेला आहे त्यांनी नाव न लिहिता आपला अनुभव कळवला तर त्याचा फार उपयोग होईल.



— प्राचार्य